एडनाबाईंची काळी दोन

जर्मनीत आयुष्य गेलं असं सांगितलं की मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या मोटार कंपनीत?" मी म्हणतो, मोटारीत नव्हतो, पेटीत होतो. मग समोरचा विषय थंडीकडे वळवतो. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मात्र विषय वळवला नाही. "पेटीत म्हणजे नेमकं काय करत होता ते लिहून द्या," म्हणाल्या. तेव्हा वाचून कंटाळा आला तर बोल त्यांना लावावा.

मी सूर खरवडायचो. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात. भात्यातली हवा तिथून गेली की जीभ थरथरते आणि वाजते. आमच्या धंद्यात या जिभेलाच सूर म्हणतात. सूर चढवायचा असेल तर तिचं टोक किंचित खरवडायचं, उतरवायचा असेल तर मुळाशी खरवडायचं. एवढीच विद्या. ती शिकायला मला आठ वर्षं लागली, कारण किंचित म्हणजे किती हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

आमचं गाव कुडाळजवळ. वडील मूळचे सुतार. ते पेट्यांकडे वळले दशावतारी कंपन्यांमुळे. जत्रांच्या हंगामात कंपनी गावोगाव फिरायची, पायाने भाता मारायची ती मोठी पायपेटी बैलगाडीतून आदळत जायची, आणि महिन्याभरात तिला धाप लागायची. मग ती आमच्या पडवीत दाखल. चांगल्या पेटीत तेव्हा जर्मन सूर असत. पुढे परदेशी मालावर निर्बंध आले आणि ते मिळेनासे झाले. वडिलांनी काय करावं? जुन्या खोक्यावरचा पत्ता काढून, शाळेच्या हेडमास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं, की सूर पाठवता येत नसतील तर मी मुलगा पाठवतो, त्याला करायला शिकवा. ते पत्र हातोहात फिरत हायडेलबर्गला हेर क्नाउस यांच्या कारखान्यात पोचलं. कारखाना म्हणजे ते, एक सुतार आणि एक मांजर. चौथा मी.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, मेस्त्री म्हणजे तुमच्याकडे ज्याला माइस्टर म्हणतात तोच. ते म्हणाले, "परीक्षा पास झालात की मग बोलू."

हेर क्नाउस यांच्या बंडीच्या खिशात कायम स्टिमगाबेल असायचा. दोन दांड्यांचा पोलादी काटा. टेबलावर हलकेच आपटून कानाशी धरला की एकच सूर देतो, उन्हाळा असो की हिवाळा. त्यांच्या लेखी जगात तेवढी एकच वस्तू खरं बोलायची. आमच्या पडवीत असला काटा कधी नव्हता. वडिलांचा नियम साधा होता: "पेटी गाणाऱ्याच्या गळ्याक लावूची. बाकीच्यांनी आपापली सोय बघूची." हे दोन नियम एकाच डोक्यात घेऊन मी काम करत होतो, आणि बरीच वर्षं त्यांची टक्कर झाली नाही.

गिऱ्हाइकं मोठी मासलेवाईक. एका पाद्र्याच्या पेटीत उंदराने घरटं केलं होतं, तेही प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं कुरतडून. "निदान उंदीर तरी वाचतो," हेर क्नाउस पुटपुटले आणि घरटं बाहेर झाडाखाली नेऊन ठेवलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या पेटीतली एक पट्टी कुणी न दाबता आपोआप घुमायची. मी ती दुरुस्त करायला गेलो तर बाईंनी माझा हात धरला. त्यांचे यजमान दुपारी बरोबर त्या सुरात घोरायचे म्हणे. मी ती पट्टी तशीच ठेवली आणि भाता तेवढा शिवून आलो.

एडनाबाई आल्या त्या साठ-एकसष्टच्या सुमारास. हायडेलबर्गला तेव्हा अमेरिकन फौजेचं मोठं ठाणं होतं. बाई तिथल्या कचेरीत टायपिस्ट होत्या. उंच, भरदार, काळ्या वर्णाच्या, डोक्यावर पिवळी हॅट. मागून दोन सैनिक एक पायपेटी ढकलत आणत होते. ती बाईंना ठाण्यावरच्या चॅपेलच्या अडगळीत, घड्या घातलेल्या खुर्च्यांच्या मागे सापडली होती. चॅपेलमध्ये उत्तम पियानो होता, पण बाईंना हीच हवी होती. हेर क्नाउस त्याच सकाळी नेकारसुल्मजवळच्या एका चर्चचा ऑर्गन उतरवायला आठवड्यासाठी गेले होते. म्हणजे दुकानात माइस्टर म्हणून मेस्त्रीच.

"हिला बोलती कर, ब्रदर," बाई म्हणाल्या. "ईस्टरनंतरच्या रविवारी मला हिच्याबरोबर गायचंय. त्याची टेप माझ्या वडिलांना जाणार आहे."

मी पेटी उघडेपर्यंत बाईंनी सगळी हकिकत सांगितली. त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, जॉर्जियातल्या एका खेड्यातल्या. वडील तिथल्या लाकडी चर्चचे पाद्री. आई अशीच पायपेटी वाजवायची, बाई पाचव्या वर्षापासून शेजारी उभ्या राहून गायच्या. आई गेली, बाई नोकरीला इकडे आल्या, आणि शनिवारी सैनिकांच्या क्लबात गायला लागल्या. गायची धाटणी तीच, चर्चमधली. शब्द मात्र प्रेमाबिमाचे. ही बातमी कुणीतरी गावी पोचवली. वडिलांनी एक पत्र लिहिलं, की देवाची चाल तू नाचघरात नेलीस. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

"आम्ही याला सोल म्हणतो," बाई म्हणाल्या. "क्लबात काय आणि चर्चमध्ये काय, मी एकाच जागेवरून गाते. हे त्यांना पत्रात सांगता येत नाही. ऐकवावंच लागेल."

मला यात भांडण कशाचं तेच कळेना. मी म्हटलं, आमच्याकडे नाटक देवळाच्या आवारातच होतं, देवासमोर. राक्षस येतात, विनोद होतात, आणि ज्या पेटीवर हे चालतं तिच्यावरच दुसऱ्या दिवशी भजन. माझ्या वडिलांनी दोन्ही वाजवलंय. आमच्या रवळनाथाने कधी तक्रार केली नाही.

बाई पोट धरून हसल्या. "म्हणजे तुमचा देव स्वतःच क्लबात येतो."

"येतो म्हणजे काय, पुढच्या रांगेत बसतो," मी म्हटलं.

बाईंनी हॅट काढून मांजराशेजारी ठेवली आणि गाऊन दाखवलं. मी आजवर अनेक चांगले गळे ऐकलेत, पण त्या दिवशी माझ्या हातातली कानस खाली राहिली ती राहिली. बाईंची पट्टी काळी दोन. म्हणजे त्यांचा सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. आमच्याकडे ही बाप्यांची पट्टी. पण खरी गंमत त्यांच्या गांधारात होती. पेटीचा गांधार असतो त्यापेक्षा त्या तो थोडा खाली लावत होत्या. वडिलांचे भजनी बुवा लावायचे, अगदी तिथेच. सात समुद्रांपलीकडची बाई, आणि गांधार आमच्या देवळातला. माझे डोळे भरून आले. घराची आठवण यायला माणसाला काहीही पुरतं.

इथे थोडं धंद्याचं सांगतो. पेटीचे सूर एकत्र कुटुंबातल्या स्वयंपाकासारखे लावलेले असतात. तिखट कुणाच्याच मनासारखं नाही, पण सगळे जेवून उठतात. प्रत्येक सूर जरासा खोटा ठेवतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत गाणं निभतं. आता एकाच माणसाच्या जिभेला धरून रांधायचं ठरवलं, तर त्याला पक्वान्न मिळतं आणि बाकीचे उपाशी राहतात. काटा सांगतो, सगळ्यांचं बघा. वडील सांगतात, गाणाऱ्याचं बघा. हेर क्नाउस नेकारसुल्मला होते. मी वडिलांचं ऐकलं.

पाच दिवस लागले. भात्याला नवं चामडं घातलं, धूळ काढली, आणि एकूणएक सूर बाईंच्या काळी दोनला धरून खरवडला. बाई दुपारच्या सुट्टीत यायच्या, एकेक सूर धरायच्या, मी जुळवायचो. शेवटच्या दिवशी सा आणि गांधार एकत्र वाजवले तर आवाज जराही डुलला नाही, पेटी नुसती गोड भरून राहिली. बाई पेटीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. "ही माझ्या आईच्या पेटीहून चांगली आहे," म्हणाल्या. मग दोन शब्द देवाशी बोलल्या, त्याचा मला अर्थ कळला नाही. वाजवायलाही मीच असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. भजनाची साथ केलेला माणूस, मला कशाला निमंत्रण लागतंय.

ध्वनिमुद्रणाला पुण्याचा भिडे. तो हायडेलबर्गला फिजिक्सची डॉक्टरेट करत होता आणि इन्स्टिट्यूटचा टेपरेकॉर्डर मागून आणणार होता. मी काय केलंय ते ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"आल्झो मेस्त्री, म्हणजे एका पट्टीसाठी तू बाकीच्या अकरा बिघडवल्यास?"

"तिला एकच लागते."

"तिला विचारलंस?"

"काय विचारायचं? बाईची पट्टी काळी दोन आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," भिडे म्हणाला, पण त्याच्या तोंडावरून त्याला पटलं नव्हतं हे दिसत होतं.

आता वाचकांना वाटेल, एवढी साधी गोष्ट विचारायला काय झालं होतं? पण आमच्याकडे हा प्रश्नच नसतो. बुवा काळी एकचे म्हणजे मरेपर्यंत काळी एकचे. आवाज बसला तर भजनाची बारी रद्द करतील, पण भजनाच्या मध्यात सा उचलून दुसरीकडे मांडणारा माणूस मी पाहिला नव्हता. तालमीत आम्ही तीन कडवी केली, तिन्ही काळी दोनमध्ये. चौथ्याचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "ते रविवारी देव बघेल." आमचेही बुवा शेवटचं असंच देवावर सोडतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी चॅपेल भरलेलं. डावीकडे सैनिक आणि त्यांची कुटुंबं, उजवीकडे आमंत्रण दिलेले जर्मन शेजारी, हात मांडीवर, पाठ ताठ. दुसऱ्या रांगेत हेर क्नाउस पत्नीला घेऊन बसले होते. आपल्या कारखान्याची पेटी वाजणार याचा अभिमान त्यांच्या टायच्या गाठीतसुद्धा दिसत होता. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

पहिली तीन कडवी झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागे उभे असलेले सैनिक बाईंची ओळ झेलत होते, आमच्या भजनातले झीलकरी झेलतात तशी. बाई एक ओळ टाकायच्या, ते उचलायचे, बाई हसून आणखी वर टाकायच्या. डावीकडची माणसं टाळ्या देत होती. पेटी त्या सगळ्याखाली सतरंजीसारखी पसरली होती. मला वाटलं, वडील इथे असते तर म्हणाले असते, पोरगा कामातून गेला नाही.

तिसरं कडवं संपताना बाईंनी डोळे मिटले, एक पाय आपटला, आणि माझ्याकडे न बघता उजवा अंगठा वर केला. आणि सा उचलला. काळी दोनवरून सरळ पुढच्या पांढरी तीनवर. मला नंतर कळलं की त्यांच्या चर्चमध्ये हा रिवाजच आहे. अंगात आलं की गाणं एक पायरी चढवायचं, आणखी आलं की आणखी एक. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं. कुडाळच्या मेस्त्रीला मात्र माहीत नव्हतं.

साथीदाराचा हात डोक्याआधी पळतो. मीही पांढरी तीनवर गेलो, आणि पहिला मेळ कसाबसा निभला. मला उगाच धीर आला. पुढच्या ओळीला मध्यमावर जायचं होतं. गेलो, आणि पेटीने शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा गळा काढला. उजवीकडच्या ताठ पाठी आणखी ताठ झाल्या. हेर क्नाउस यांचा हात नकळत बंडीच्या खिशाकडे गेला.

मी पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाय मात्र सवयीने भाता मारतच राहिले.

बाई थांबल्या नाहीत. मागचे सैनिक थांबले नाहीत. साथ गेली तेव्हा टाळ्या वाढल्या, पाय आपटले जाऊ लागले, आणि बाईंनी सा आणखी एक पायरी वर नेला. रिकामे हात वर धरून मी तिथे बसलो होतो, खाली भाता नुसता श्वास घेत होता. लाजेने मेल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी इतकं सुंदर मी काही ऐकलं नव्हतं. या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकतात हे मला तेव्हा कळलं. गाणं संपलं तेव्हा उजवीकडची माणसंही उभी होती. हेर क्नाउस यांचा बूट शेवटच्या कडव्यात जमिनीवर ठेका देत होता असं फ्राऊ क्नाउस शपथेवर सांगायच्या. ते स्वतः कधी कबूल झाले नाहीत.

टेप ऐकायला आम्ही तिघं भिड्याच्या खोलीवर जमलो. सगळं स्वच्छ उतरलं होतं, कुत्र्यासकट. त्याच्यापुढे बाईंच्या आवाजाखाली भाता सूं सूं करत होता तोही.

"एवढं कापून टाकू," भिडे कात्री शोधत म्हणाला. "दोन बोटं टेप. जोड कळणारसुद्धा नाही."

मी आनंदाने कात्री पुढे केली. बाईंनी ती माझ्या हातातून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकली.

"माझे वडील आयुष्यभर लोकांची पापं ऐकत आलेत," बाई म्हणाल्या. "त्यांना जोड कळतो."

दुसऱ्या दिवशी पार्सल गेलं, भिड्याची कात्री मात्र बाईंच्या पर्समध्येच राहिली. कात्री पुढच्या आठवड्यात परत आली. उत्तर आलं नाही.

सोमवारी हेर क्नाउस यांनी पेटी दुकानात परत आणवली आणि मला तिच्यासमोर बसवलं. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "त्या बाईच्या पट्टीत गांधार वाजवा." मी वाजवला. त्यांनी डोळे मिटून भाता संपेपर्यंत ऐकला. "पुन्हा." पुन्हा वाजवला. असं चार वेळा झालं. मग नाक शिंकरलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. आता सगळे सूर काट्याला लावा. तुमच्या वेळात, कारखान्याच्या नाही. आणि मेस्त्री, परीक्षेला हे सांगू नका."

मी ही हकिकत वडिलांना कळवली. खरं तर मी त्यांना फार कमी लिहायचो. दोन वर्षांत सूर करायला शिकून परत येतो असं सांगून निघालो होतो, आणि चार झाली होती. पुढे तर मी इथेच राहिलो, इथेच संसार केला, आणि माझ्या हातचे सूर कुडाळच्या पेटीत कधी वाजले नाहीत. ते शेवटपर्यंत वाट बघत होते. याची बोच अजून आहे, ती लपवत नाही. त्या वेळी त्यांचं उत्तर लगेच आलं, एका ओळीचं: "गाणाऱ्याक आधी विचारूक होया होता." स्वतःचा नियम त्यांनी एका ओळीत सुधारून दिला.

एडनाबाईंकडे मात्र काहीच येईना. त्या दुपारच्या सुट्टीत दुकानावरून जायच्या, काचेतून मान हलवायच्या, की नाही. मी रोज त्या मानेची वाट बघायचो. मला खात्री झाली होती की माझ्या कुत्र्याने त्यांचं घर तोडलं. मे संपत आला तेव्हा एके दिवशी पिवळी हॅट दारातून सरळ आत आली. हातात लिफाफा. बाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या, आणि मलाच वाचायला लावलं.

पाद्रीबुवांचं अक्षर मोठं, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं. गाण्याबद्दल एक शब्द नव्हता, क्लबाबद्दल नव्हता. लिहिलं होतं, की टेप त्यांनी चर्चमध्ये एकट्याने ऐकली, अनेकदा. पेटी बिघडल्यावर वाजवणाऱ्याने हात उचलले पण पाय थांबवले नाहीत, ते त्यांनी ऐकलं. 'तुझी आई प्रार्थनेच्या वेळी असंच करायची. हात मांडीवर, आणि पाय चालू. तो आवाज ती गेल्यावर मी ऐकला नव्हता. तिची पेटी तेव्हापासून बंद आहे, उंदरांनी खाल्ली असावी. त्या माणसाला विचार, ती दुरुस्त कशी करायची. इथे एक सुतार आहे. पेटी झाली की ये, आणि गा.'

एडनाबाई दुकानातच रडल्या आणि रडताना हसत होत्या. हेर क्नाउस यांनी आपला धुतलेला रुमाल दिला आणि मांजर उचलून मागच्या खोलीत गेले.

मी त्या अनोळखी सुताराला सहा पानी पत्र लिहिलं. हेडमास्तरांनी शिकवलेलं सगळं इंग्रजी त्यात संपवलं. भाता कसा उसवायचा, चामडं कुठल्या बाजूने लावायचं, जीभ किती खरवडायची, उंदराचं घरटं निघालं तर त्याचं काय करायचं. काळी दोन म्हणजे काय हे त्याला कळणार नाही म्हणून पट्ट्यांचं चित्र काढून त्यावर फुली मारली. हेर क्नाउस यांनी पत्र तपासलं, खिशातला स्टिमगाबेल काढून पाकिटात घातला, आणि पुढे आठवडाभर रिकामा खिसा चाचपत राहिले. पाकीट चिकटवण्याआधी मी तळाशी दोन ओळी वाढवल्या:

'सगळे सूर काट्यालाच लावा, कुठल्याही एका पट्टीचे लाड करू नका. पाद्रीबुवांच्या मुलीची पट्टी मी फुली मारली आहे ती, पण ती तिथे थांबत नाही, वर चढते.'